समलिंगी जीवन आणि इहवादी नीती : ‘समाजस्वास्थ्य’ ते ‘कोबाल्ट ब्लू’

मराठीतील नीतिविषयक लेखनात समलिंगी संबंधांचा विषय जेव्हा जेव्हा निघाला, तेव्हा तो बहुधा ‘अशा संबंधांना काय म्हणावे’ या रूपात निघाला. पाप, विकृती, आजार, गुन्हा, आवड, हक्क अशी नावे बदलत गेली. नाव बदलले की दृष्टीही बदलते, हे खरे. परंतु ही सारी नावे बाहेरून दिलेली आहेत. ज्याचे जीवन असे आहे त्याने स्वतः कसे वागावे, कोणाशी प्रामाणिक राहावे, कोणाला दिलेला शब्द पाळावा, हा नीतीचा मूळ प्रश्न नावांच्या वादात मागे पडतो. रूढ धर्मनीतीत ज्याला जागा नाही त्याला नीतीचीच गरज उरत नाही, असा एक समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. विवाहित गृहस्थाला कर्तव्याकर्तव्याचा एक तयार आराखडा परंपरेकडून मिळतो. तो पाळला की त्याला फारसा विचार करावा लागत नाही. समलिंगी स्त्री वा पुरुषाला असा आराखडा मिळत नाही. आपल्या संबंधांतील सचोटी, निष्ठा, जबाबदारी यांचा अर्थ त्याला स्वतःच्या विवेकाने लावावा लागतो. इहवादी नीती नावाची काही गोष्ट प्रत्यक्षात चालू शकते की नाही, याची परीक्षा म्हणूनच येथे होते. ही परीक्षा मराठी विचारात आणि त्याहून अधिक मराठी साहित्यात कशी झाली, हे पाहणे उद्बोधक आहे.

‘इहवादी नीती’ या शब्दप्रयोगाचा अर्थ प्रथम निश्चित केला पाहिजे. आचरणाच्या बरेवाईटपणाचा निकष ईश्वराज्ञा, शास्त्रवचन किंवा परलोकातील फळ यांत न शोधता या जगातील माणसांच्या सुखदुःखात शोधणे, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत या विचाराची मुहूर्तमेढ गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) यांनी रोवली. मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनातून घडलेल्या आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केला आणि धर्माचा आधार नसतानाही माणूस नीतिमान राहू शकतो, ही भूमिका स्वतःच्या जगण्यातूनही दाखवून दिली. शंभर वर्षांनंतर, १९९० मध्ये, नागपूरहून दि. य. देशपांडे यांनी ‘नवा सुधारक’ (पुढे ‘आजचा सुधारक’) हे मासिक काढले, ते याच परंपरेच्या स्मरणाने. म्हणजे विवेकवादाची एक सलग रेषा मराठीत दाखवता येते. या रेषेवर समलिंगी संबंधांचा विषय मात्र तुरळकच भेटतो. जेथे तो प्रथम ठसठशीतपणे भेटतो ते ठिकाण म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’.

कर्वे (१८८२-१९५३) गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारामुळे विल्सन महाविद्यालयातील नोकरी सुटल्यावर त्यांनी जुलै १९२७ मध्ये हे मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यूपर्यंत एकहाती चालवले. त्यांचा नीतिविचार एखाद्या गणिती सिद्धान्तासारखा आटोपशीर आहे. कामवासना ही भुकेसारखी नैसर्गिक प्रेरणा होय. तिची तृप्ती स्वतः नैतिकही नाही आणि अनैतिकही नाही. जेथे सक्ती आहे, फसवणूक आहे, रोगाचा प्रसार आहे किंवा नको असलेले मूल जन्माला घालणे आहे, तेथे दुसऱ्याला अपाय होतो, आणि तेथेच नीतीचा प्रश्न सुरू होतो. बाकी सर्व खाजगी. या निकषात स्त्री-पुरुष भेद नाही, विवाहित-अविवाहित भेद नाही. आणि तर्काला शेवटपर्यंत नेले तर भिन्नलिंगी-समलिंगी असा भेदही उरत नाही. कर्वे तर्काला शेवटपर्यंत नेणारे गृहस्थ होते. वाचक आपल्या अडचणी त्यांना पत्राने कळवीत आणि कर्वे त्यांना थोडक्यात, कोरडी वाटतील अशी उत्तरे छापीत. आज ‘समाजस्वास्थ्या’चे अंक चाळताना या उत्तरांतील कोरडेपणाच अधिक जाणवतो. पण ज्या काळी या विषयावर एकतर शिवी मिळे नाहीतर प्रवचन, त्या काळी कोरडे उत्तर हाच एक दिलासा होता, हे विसरता येत नाही.

या उत्तरांमुळेच कर्व्यांवर खटला झाला. १९३१ मध्ये व्यभिचारविषयक लेखाबद्दल त्यांना १०० रुपये दंड झालेलाच होता. १९३४ मध्ये पुन्हा अश्लीलतेचा आरोप आला, तो वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यांत हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीचे प्रश्न होते. या वेळी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांच्या धामधुमीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, येवल्याच्या घोषणेला अजून वर्ष-दीड वर्ष अवकाश असलेल्या आंबेडकरांनी असा खटला का घ्यावा, असा प्रश्न काहींना पडतो. परंतु शास्त्रवचनाला नीतीचा अंतिम निकष न मानणे, हा दोघांना जोडणारा धागा उघड आहे. उपलब्ध वृत्तांतांनुसार आंबेडकरांच्या युक्तिवादाचे दोन भाग होते. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लील लिहिणे नव्हे, हा एक. आणि वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना जाणकाराने उत्तर देण्यात गैर काही नाही, हा दुसरा. समलिंगी प्रवृत्तीसंबंधी हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचाही आधार त्यांनी घेतल्याचे सांगितले जाते. न्यायालयाला हे पटले नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. हा प्रसंग दीर्घकाळ चरित्रांच्या कोपऱ्यात राहिला. अजित दळवी यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक २०१७ मध्ये रंगभूमीवर आल्यानंतर तो मराठी वाचक-प्रेक्षकांच्या पुन्हा समोर आला.

या युक्तिवादाचे मोल मान्य करूनही त्याच्या एका अंगाची चिकित्सा करणे आवश्यक आहे. ‘ही प्रवृत्ती निसर्गतःच काहींत असते, म्हणून ती दोषास्पद नाही’ हे विधान आजही समलिंगी जीवनाच्या समर्थनार्थ सर्रास केले जाते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ ने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगाला गुन्हा ठरवले होते. त्याला ‘हे निसर्गाविरुद्ध नाहीच’ असे उत्तर देण्याचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु मिलने ‘निसर्ग’ या आपल्या मरणोत्तर, १८७४ मध्ये, प्रकाशित झालेल्या निबंधात दाखवल्याप्रमाणे निसर्ग हा नीतीचा मार्गदर्शक होऊच शकत नाही. निसर्गात रोगही आहे आणि क्रौर्यही. जे नैसर्गिक ते योग्य असे एकदा मानले की, प्रतिपक्षाचेच गृहीतक आपण मान्य केलेले असते. वाद फक्त तपशिलाचा उरतो. हीच गोष्ट परंपरेच्या आधाराची. प्राचीन शिल्पांत, कामशास्त्राच्या ग्रंथांत, मध्ययुगीन काव्यांत समलिंगी प्रेमाचे उल्लेख आहेत, हे रूथ वनिता आणि सलीम किदवाई यांनी २००० मध्ये सिद्ध केलेल्या संकलनाने सप्रमाण दाखवले. इतिहास म्हणून हे काम मोलाचे आहे. ‘हे परकीय आहे’ या आरोपाला ते चोख उत्तरही आहे. पण पूर्वजांनी केले म्हणून योग्य, हा न्याय इहवादी नीतीला वापरता येत नाही; कारण त्याच न्यायाने सतीचेही समर्थन करता येईल. कर्व्यांचा अपायाचा निकष या दोन्ही कुबड्यांवाचून उभा राहतो, हे त्याचे खरे सामर्थ्य.

न्यायालयीन इतिहासाचा पुढचा भाग परिचित असल्याने त्याचा विस्तार नको. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, मूळचे सोलापूरचे असलेले मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांच्या खंडपीठाने, प्रौढांच्या परस्परसंमतीच्या खाजगी संबंधांपुरते कलम ३७७ घटनाबाह्य ठरवले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो एकमताने पुन्हा प्रस्थापित केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या कलमाला समांतर तरतूदच नाही. या प्रवासात मराठी अभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारी गोष्ट वेगळी आहे. २००९ आणि २०१८ या दोन्ही निर्णयांचा कणा आहे ‘घटनात्मक नीतिमत्ता’ ही संकल्पना, आणि ती आंबेडकरांच्या नावाने आली आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत बोलताना त्यांनी ग्रीसचा इतिहासकार जॉर्ज ग्रोट याचा दाखला देऊन हा शब्द वापरला होता. त्या भाषणात त्याचा संदर्भ मर्यादित होता : प्रशासनाचे तपशील घटनेतच का घालावे लागतात, याचे ते स्पष्टीकरण होते. न्यायालयांनी त्याला बहुसंख्यांच्या लोकनीतीहून भिन्न असा, व्यक्तीच्या प्रतिष्ठेवर आधारलेला व्यापक अर्थ दिला. हा विस्तार आंबेडकरांच्या शब्दांत नाही असे कोणी म्हटले तर ते चूक ठरणार नाही. पण १९३४ चा वकील ध्यानात घेतला तर तो त्यांच्या वृत्तीत नाही, असे म्हणणे कठीण जाईल.

येथवर जो नीतिविचार पाहिला तो निषेध करू पाहणाऱ्याला थोपवणारा आहे. शासनाने शिक्षा करू नये, समाजाने नाक खुपसू नये, हे तो उत्तम प्रकारे सिद्ध करतो. परंतु दोन माणसे एकमेकांचे काय देणे लागतात, याविषयी तो जवळजवळ गप्प आहे. कर्व्यांच्या निकषात समलिंगी माणूस हा गरज असलेला जीव आहे. तो प्रेम करतो, मत्सर करतो, वाट पाहतो, शब्द मोडतो, हे त्या निकषाच्या कक्षेबाहेर राहते. ‘समाजस्वास्थ्य’ या नावातच ती मर्यादा सूचित झाली आहे. स्वास्थ्य हे प्रकृतीचे असते. आणि प्रश्नोत्तराच्या ज्या सदरातून ही माणसे मराठीत प्रथम छापली गेली, त्या रूपात त्यांना नाव नाही, पूर्वेतिहास नाही, उत्तर मिळाल्यावर त्यांचे पुढे काय झाले हेही नाही. इहवादी नीतीला मानवतावादाची जोड लागते ती येथे. अपाय टाळणे ही नीतीची किमान अट झाली. दुसऱ्याला संपूर्ण माणूस म्हणून ओळखणे ही तिची पुढची मागणी.

ही मागणी पुढे मांडणाऱ्या विसाव्या शतकातील लेखकांत ई. एम. फॉर्स्टर याचे नाव घ्यावे लागते, आणि त्याचा मराठी जगाशी आलेला संबंधही या निमित्ताने आठवतो. १९२१ मध्ये फॉर्स्टर काही महिने थोरल्या पातीच्या देवासचे मराठा अधिपती तुकोजीराव पवार यांचा खाजगी चिटणीस होता. तेथील गोकुळाष्टमीच्या उत्सवाने तो भारावून गेला, तरी श्रद्धाळू झाला नाही. आयुष्यभर निरीश्वरवादी मानवतावादीच राहिला. देवासच्या पत्रांचे पुस्तक त्याने १९५३ मध्ये छापले. परंतु महाराजांनी आपली समलिंगी प्रवृत्ती ठाऊक झाल्यावरही आपल्याला कसे सांभाळून घेतले, तो भाग त्यातून वगळला. १९१३-१४ मध्ये लिहिलेली ‘मॉरिस’ ही समलिंगी प्रेमाची कादंबरीही त्याने हयातीत बाहेर काढली नाही. ती १९७१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आली. ‘माझी श्रद्धा’ या आशयाच्या शीर्षकाचा निबंध त्याने १९३८ मध्ये लिहिला. त्यात धर्माची आणि राष्ट्राची जागा त्याने व्यक्ती-व्यक्तींमधील सचोटीच्या नात्याला दिली. देश आणि मित्र यांतील निवडीसंबंधीचे त्याचे विधान त्यातलेच. या नीतीत मित्राला न अंतरणे हा सर्वोच्च सद्गुण आहे. फॉर्स्टरचा हा विचार त्याच्या गुप्त ठेवाव्या लागलेल्या जीवनातूनच आला असावा, असे मानण्यास जागा आहे. ज्याच्या प्रेमाला कोणत्याही संस्थेचा आधार नाही, त्याला माणसाच्या शब्दावरच विसंबावे लागते.

मित्राला अंतरणे म्हणजे काय, हे मराठीत विजय तेंडुलकरांनी दाखवले. ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले; मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. स्वातंत्र्यपूर्व काळातील महाविद्यालयीन वातावरणात घडणारे हे कथानक सुमित्रा देव ऊर्फ मित्रा हिचे आहे. आपले आकर्षण स्त्रियांकडे आहे याचा शोध तिला लागतो. लग्नाच्या हालचालींच्या ताणात ती आत्महत्येचा प्रयत्न करते आणि वाचते. महाविद्यालयाच्या नाटकात पुरुषाची भूमिका करताना ती नमा या मुलीच्या प्रेमात पडते. नमाचा दावेदार दळवी मित्राची पत्रे हस्तगत करून तिला पेचात धरतो. नमा डळमळीत आहे; ती अखेर दूर निघून जाते. आणि हे सारे आपल्याला सांगतो तो बापू, मित्राचा मित्र.

नाटकाच्या नावातच एक मौज आहे, तिच्याकडे समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. ‘मित्राची गोष्ट’ म्हणजे कोणाची? ‘मित्र’ या शब्दाला षष्ठीचा प्रत्यय लागला की ‘मित्राची’ होते. आणि ‘मित्रा’ या विशेषनामाचेही बोलीत ‘मित्राची’च होते. शिवाय ‘मित्रा’ हे ‘मित्र’ याचे संबोधनही आहे. म्हणजे हे नाव सुमित्राच्या गोष्टीचे आहे, तसेच एका मित्राच्या, बापूच्याही गोष्टीचे आहे. इंग्रजी भाषांतराच्या शीर्षकात यातील केवळ ‘मित्र’ उरला. मराठी शीर्षकातील ही संदिग्धता व्याकरणाचा अपघात असो वा हेतुपूर्वक साधलेली असो, नाटकाचा नैतिक प्रश्न तिच्यात साठलेला आहे. नाटक मित्राच्या प्रवृत्तीची परीक्षा घेत नाही. परीक्षा आहे मैत्रीची.

बापू दुष्ट नाही. तो लाजाळू, सरळ, सुसंस्कृत तरुण आहे. मित्राने आपले गुपित त्याला सांगितल्यावर तो तिचा धिक्कार करीत नाही. तिच्या आणि नमाच्या भेटींसाठी स्वतःची खोली देण्यापर्यंत त्याची तयारी आहे. शास्त्राचे वा पापपुण्याचे दडपण त्याच्यावर नाही. धर्म किंवा कायदा हा या नाटकातील संघर्षाचा प्रमुख पक्षच नव्हे. कलम ३७७ ची भाषाही अशी होती की स्त्री-स्त्री संबंध तिच्या शब्दशः कक्षेत क्वचितच आले असते. मित्राला घेरणारी शक्ती वेगळ्या आहेत : लग्नाची अपरिहार्यता, महाविद्यालयातील कुजबूज, पुरुषाच्या हाती पडलेली पत्रे. अशा परिस्थितीत तिला आधार एकाच गोष्टीचा आहे, तो म्हणजे एका सुशिक्षित, उदार, इहवादी वृत्तीच्या माणसाच्या मैत्रीचा. कर्व्यांच्या निकषावर बापू पूर्ण उत्तीर्ण होतो. तो कोणालाही अपाय करीत नाही.

तरीही तो मित्राला अंतरतो. बदनामीची झळ स्वतःपर्यंत आल्यावर, मित्राच्या बेफाम होत चाललेल्या दुःखाचा भार असह्य झाल्यावर, एका क्षणी तो तिला दूर लोटतो. त्यानंतर मित्रा जगत नाही. बापूच्या या वागण्याला ‘चूक’ म्हणावे असा कोणताही नियम हाताशी नाही, आणि हेच तेंडुलकरांनी अचूक हेरले आहे. समाजाने बापूला काहीच विचारणे शक्य नाही. तो सज्जनच राहतो. म्हणून त्याला ही गोष्ट सांगावी लागते. संपूर्ण नाटक त्याच्या निवेदनातून उलगडते याचे कारण तंत्रात शोधण्यापेक्षा येथे शोधणे अधिक सयुक्तिक होईल. ज्याला प्रायश्चित्ताचा विधी नाही, ज्याच्यावर खटला नाही, असा माणूस आपल्या अपराधाचे काय करतो? तो आठवतो आणि सांगतो. इहवादी नीतीत पश्चात्तापाला जर काही रूप असेल, तर ते कथनाचे आहे.

मित्रा अखेर मरते, त्यामुळे नाटकाने समलिंगी स्त्रीला मृत्यूवाचून दुसरी वाट ठेवली नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. मित्राचे अंतरंग आपल्याला बापूच्या नजरेतूनच दिसते, आणि तिच्यावर प्रेम करू शकेल अशी स्त्री नाटकात नाही, ही नाटकाची मर्यादा आहे. तथापि मित्राच्या प्रवृत्तीला हा शेवट चिकटवणे म्हणजे नाटक उलटे वाचणे होय. ती प्रेमात निर्भय आहे. लपवाछपवीचा तिला तिटकारा आहे. नाटकात खोटे जर कोणी वागत नसेल, तर ते तीच.

खोटे न वागणे या गुणाची किंमत पुढच्या पिढीच्या लेखनात आणखी स्पष्ट झाली. १९९० मध्ये मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक निघाले, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट स्थापन झाला आणि २००२ मध्ये पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला. दोस्त, हमसफर, समपथिक : मैत्रीचे आणि सोबतीचे हे शब्द या माणसांनी स्वतःसाठी स्वतः निवडलेले आहेत. खिरे यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी २००५ मध्ये आली (व. पु. काळे यांच्या त्याच नावाच्या लोकप्रिय कादंबरीशी तिचा संबंध नाही). रोहित या तरुणाच्या दैनंदिनीचे रूप तिला आहे. ‘समाजस्वास्थ्या’तील निनावी पत्रलेखकाला येथे नाव आणि वही मिळाली, असे म्हणता येईल. कादंबरी म्हणून तिच्यात उणिवा आहेत; माहिती पुरवण्याचा आणि वाचकाची समजूत घालण्याचा हेतू कलात्मक घाटावर अनेकदा मात करतो. परंतु ‘पार्टनर’ या शीर्षकाकडे लक्ष दिले पाहिजे. नवरा, बायको, सखा, यार, जोडीदार अशा शब्दांनी समृद्ध असलेल्या मराठीत या नात्याला साजेसा शब्द लेखकाला मिळाला नाही, तो इंग्रजीकडून आणावा लागला. ‘समसंभोग’ हा शब्द होताच. तो कृतीचे नाव आहे. नात्याचे नाव नव्हते.

या लेखनाने पुढे आणलेला एक नैतिक पेच स्वतंत्र विचाराच्या योग्यतेचा आहे. समलिंगी मुलाने वा मुलीने घरी सत्य सांगितले की, ‘लग्न कर म्हणजे सगळे सुरळीत होईल’ हा सल्ला जवळजवळ ठरलेला असतो. रूढ दृष्टीने हा सल्ला नीतीचा आहे : आईबापांची इच्छा, कुळाची प्रतिष्ठा, वंशसातत्य, सारे त्यात साधते. कर्व्यांचा निकष त्याला लावून पाहावा. अशा लग्नात एक तिसरी व्यक्ती, बहुधा एक अजाण तरुणी, फसवली जाते आणि तिचे सारे आयुष्य त्या फसवणुकीवर उभे केले जाते. म्हणजे जे आचरण परंपरा कर्तव्य म्हणून सांगते ते इहवादी नीतीच्या दृष्टीने उघड अपाय आहे. आणि जे परंपरा अनाचार म्हणते, ते दोन प्रौढांचे परस्परांना ठाऊक असलेले, कोणालाही न फसवणारे नाते, त्यात नैतिक दोष सापडत नाही. कर्व्यांच्या कोरड्या निकषाची धार किती काळ टिकते, याचा हा पुरावा. अर्थात निकष सांगणे सोपे. आईच्या डोळ्यांत पाहून नकार देणे सोपे नाही. चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’ या एकपात्री प्रयोगाने म्हणूनच बोलण्याचा अधिकार मुलाला न देता आईला दिला. मुलाची दैनंदिनी तिच्या हाती येते आणि तिला ठाऊक असलेला मुलगा व वहीतला मुलगा यांच्यामध्ये ती उभी राहते. तिच्यावर कोणताही सिद्धान्त लादलेला नाही. तिला फक्त वाचावे लागते.

सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) मध्ये समर्थनाचा सूर जवळजवळ संपलेला आहे. पुण्यातील एका मध्यमवर्गीय घरात भाड्याने राहायला आलेल्या तरुण चित्रकारावर तनय आणि त्याची बहीण अनुजा हे दोघेही, एकमेकांच्या नकळत, प्रेम करतात. अनुजा त्याच्याबरोबर घर सोडून जाते. काही काळाने तो तिलाही सोडून नाहीसा होतो. कादंबरीचे दोन भाग म्हणजे या दोघांची दोन प्रथमपुरुषी निवेदने. चित्रकाराला नाव नाही. तनय नाहीशा झालेल्या त्या माणसाला ‘तू’ म्हणून संबोधतो आणि आपल्या आठवणी सांगत जातो. आपण असे का आहोत, याचे स्पष्टीकरण तो कोणालाही देत नाही. वाचकाला तर नाहीच. एकाच माणसाने भाऊ आणि बहीण या दोघांना सारखेच, न सांगता सोडून दिले आहे. कादंबरी त्या अपराधाला दोन्हीकडे एकच माप लावते. कोणाचे प्रेम कोणत्या प्रकारचे होते, याने अपराध लहान वा मोठा होत नाही.

घराचे माप मात्र वेगळे आहे. अनुजाच्या पळून जाण्याचा बोभाटा होतो, तिच्या परतण्याचा प्रश्न होतो, तिच्या दुःखाची, चुकीच्या पद्धतीने का होईना, दखल घेतली जाते. कारण मुलगी कोणाबरोबर तरी गेली, हे वाक्य त्या घराच्या भाषेत बोलता येते. तनयच्या दुःखाला असे वाक्य नाही. त्याच घरात, त्याच जेवणाच्या वेळा पाळत, बहिणीच्या बदनामीची चर्चा ऐकत तो वावरतो. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, तेव्हा चर्चा वारसा, विमा, दत्तक, रुग्णालयातील संमतिपत्र यांवर झाली, आणि ते योग्यच होते. त्या यादीत न बसणारी एक गोष्ट तनयच्या निवेदनात आहे. वरच्या खोलीतील भाडेकरू निघून गेला आहे, आणि आपले कोण गेले हे त्याला घरात कोणालाही सांगता येत नाही.